पान आधी, बी नंतर

झाडांवरची आपली बहुतेक पुस्तकं खरं तर फुलांवरची असतात. पळस फुलला, बहावा फुलला, की वर्तमानपत्रात छायाचित्र येतं आणि पुढच्या बहरापर्यंत ते झाड बातमीतून बाहेर जातं. पान कधी गळालं आणि बी कधी पडलं याची विचारपूस करणारी माणसं गावात दोनच : रस्ता झाडणारा आणि रोपवाटिकावाला. ही नोंदवही त्या दोघांच्या बाजूची आहे. तिच्यात फुलाला एकच रकाना आहे. पानाला चार आणि फळ-बीला चार. ही वाटणी मुद्दाम केलेली आहे, छपाईची चूक समजू नये.

कोऱ्या वहीला एवढी लांबलचक प्रस्तावना कशासाठी, असं कुणीही विचारील. वाचायच्या पुस्तकाला प्रस्तावना नसली तरी अडत नाही. भरायच्या वहीचं अडतं. काय बघायचं हे ठाऊक नसलं की माणूस जे ठळक दिसेल तेवढंच लिहितो, आणि झाडाच्या वर्षातल्या दोन मोठ्या उलाढाली डोळ्यांदेखत होऊन जातात.

या विषयाचा अभ्यास जिथं सर्वांत चिकाटीनं झाला तिथून सुरुवात करू आणि मग इंदूरहून घाट उतरून निमाडात जाऊ.

युरोपात बीच नावाचा वृक्ष आहे. आपल्या रानात तो नाही. हिमालयातले बांज त्याच्या कुळातले, त्यामुळं नात्यानं चुलत म्हणता येतील. गुळगुळीत राखाडी खोड, खाली काही उगवू न देणारी दाट सावली, ऑक्टोबरात तांबूस होणारी पानं. फळाला मऊ काट्यांचं कवच, आत बहुधा दोन तिधारी बिया. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत बिया पडत राहतात आणि त्यांच्यासोबत, त्यांच्या मागोमाग पानं पडतात. बी जमिनीवर पोचलं की वरून पाचोळा येतो. त्या थराखाली ते हिवाळाभर ओलसर राहतं, उंदरांच्या आणि पाखरांच्या नजरेतून थोडंफार वाचतं आणि वसंतात उगवतं. पानगळ आणि बीजगळ एकाच ऋतूत, हे त्या जंगलाचं पहिलं वैशिष्ट्य. हे ध्यानात ठेवावं, कारण आपल्याकडं नेमका इथंच सगळा क्रम उलटतो.

दुसरं वैशिष्ट्य जास्त चमत्कारिक आहे. पानगळीत खंड पडत नाही, पण बीचं तसं नाही. ओळीनं दोन-चार वर्षं बीच जेमतेम बी धरतो आणि मग एखाद्या वर्षी मुलखातली झाडं ठरवल्यासारखी एकदम लगडतात. जुन्या काळी युरोपातले गुराखी अशा वर्षी डुकरं जंगलात चरायला सोडत आणि ती पोसून घेत. त्या वर्षाचं नाव त्यांच्या भाषांत रुळलं ते त्या चराईमुळं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते पुढं उचललं. जपानमधल्या बीचचंही असंच आहे. तिथं बीचला बी न आलेल्या वर्षी अस्वलं खाणं शोधत वस्तीकडं उतरतात आणि गावकऱ्यांना जंगलातला दुष्काळ आपल्या अंगणात कळतो.

इंग्लंडमध्ये हिल्टन आणि पॅकहॅम यांनी 1980 पासून ठरावीक बीच झाडांची बी दर वर्षी मोजायला घेतली आणि ती मोजणी त्यांच्या मागच्या लोकांनी चालू ठेवली. पद्धत ऐकली तर हसू येईल. शरदात झाडाखाली जायचं, घड्याळ लावायचं आणि सात मिनिटं बिया वेचायच्या. मग भरलेल्या किती, पोकळ किती, किडीनं पोखरलेल्या किती, ते निवडायचं. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही, वाकायला कंबर तेवढी हवी. पण चाळीस वर्षं तीच झाडं आणि तीच सात मिनिटं पाळल्यामुळं या आकड्यांतून जे बाहेर आलं ते कुठल्याही महागड्या उपकरणातून आलं नसतं. 2020 साली ‘नेचर प्लान्ट्स’ या नियतकालिकात ते छापून आलं : हवा तापत गेली तसं बी एकंदरीत कमी झालं नाही, उलट वाढलं, पण भरघोस वर्ष आणि रिकामं वर्ष यांतलं अंतर मिटत चाललं, झाडांची आपसातली एकजूट सैल पडली, आणि बीचच्या बीवरच जगणाऱ्या एका पतंगाच्या अळीचं फावलं. बी जास्त, पण उगवण्याजोगं बी त्या मानानं कमी, असा तो उलटा हिशोब. पुढं 2024 मध्ये त्याच नियतकालिकात आणखी एक गोष्ट आली. युरोपभर दूरदूरचे बीच एकाच वर्षी कसे लगडतात, तर 21 जूनला सर्वांत मोठा दिवस उलटला की लगेचच्या आठवड्यांतली उष्णता ही झाडं हेरतात आणि पुढच्या वर्षीच्या बीचा निर्णय तेव्हाच होतो. दिनमान सगळीकडं एकाच दिवशी फिरतं, म्हणून सगळ्यांचं कान टवकारणंही एकाच वेळी.

झाडानं वर्ष चुकवावं तरी कशाला? खाणाऱ्यांच्या बाजूनं पाहिलं की उत्तर सापडतं. दर वर्षी बेताचं बी आलं तर उंदीर, किडी, पाखरं तेवढ्यावर पोसतात आणि तेवढं संपवतात. चार वर्षं उपास घडवला की त्यांची संख्या घटते. मग एका वर्षी एकदम इतकं बी पडतं की खाऊन खाऊन ती थकतात आणि उरलेलं उगवतं. शिवाय बीचचं परागण वाऱ्यावर होतं. सगळी झाडं एका वर्षी फुलली तर वाऱ्याची फेरी फुकट जात नाही. आणि बी ही महाग वस्तू आहे. एका मोठ्या बहरात झाडाची साठवण रिती होते, ती पुन्हा भरायला वेळ लागतो. अमेरिकी शास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी 1976 मध्ये बांबूंबद्दल हाच युक्तिवाद मांडला : बांबू इतकी वर्षं थांबून एकदम का फुलतो, तर खाणाऱ्यांना बुडवायला. मिझोराममधल्या बांबूच्या बहरामागं उंदीर आणि उंदरांमागं दुष्काळ येतो हे 1959 साली साऱ्या देशानं पाहिलं. मराठी वाचकाला तर इतकं लांब जायचीही गरज नाही. सह्याद्रीतली कारवी सात वर्षं नुसती पानं धरते, आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे करते आणि बी टाकून मरते. मुंबईच्या बोरीवलीच्या जंगलात 2008, 2016 आणि 2024 साली लोकांनी रांगा लावून ती पाहिली. पाहायला जाणाऱ्यांपैकी पुढच्या उन्हाळ्यात तडकणाऱ्या बोंडांकडं परत जाणारे किती, हा प्रश्न वेगळा.

आता इंदूर. इथली पानगळ थंडीमुळं होत नाही, येणाऱ्या उन्हाळ्याच्या धास्तीनं होते. बीच पान टाकतो कारण गारठलेल्या जमिनीतून पाणी उचलता येत नाही आणि अपुऱ्या उजेडात पान पोसणं परवडत नाही. आपला साग पान टाकतो कारण दिवाळीनंतर आठ महिने पावसाची आशा नसते आणि ताटाएवढं पान बाष्पाच्या रूपानं पाणी उधळत असतं. पान टाकण्याआधी मात्र दोघंही एकच काम करतात. पानातलं नत्र आणि स्फुरद, जवळपास निम्म्यापर्यंत, काढून खोडाफांद्यांत जमा करतात, देठाच्या मुळाशी पेशींची एक नाजूक फळी उभी करतात आणि मग पान सोडतात. गळालेलं पान हे उष्टं असतं, झाडानं निम्मं खाऊन टाकलेलं.

इंदूरहून खंडवा रस्त्यानं सिमरोल ओलांडलं की भेरूघाट लागतो. इंदूरची उंची साधारण साडेपाचशे मीटर. बडवाहला नर्मदेपाशी पोचेपर्यंत त्यातली निम्म्याहून जास्त उतरलेली असते. या उतारावर पौषापासून चैत्रापर्यंत जंगल एकदम उघडं होत नाही. आधी सालई आणि मोई बोडके होतात आणि महिनोन्‌महिने बोडकेच राहतात. धावडा लालसर तांबूस होऊन हळूहळू झडतो. साग रेंगाळतो, त्याची पानं पार मार्चपर्यंत खडखडत लोंबत राहतात. मोह उशिरा पान टाकतो आणि टाकतो न टाकतो तोच फुलतो. बनारस हिंदू विद्यापीठातल्या के. पी. सिंग आणि सी. पी. कुशवाहा यांनी विंध्याच्या पूर्वेकडच्या टोकाला, मिर्झापूरकडच्या जंगलात, हा प्रकार नीट मोजला. एकाच जंगलात, एकाच मातीवर काही झाडं जेमतेम काही आठवडे निष्पर्ण असतात, काही अर्धं वर्ष. तेव्हा ‘पानझडी जंगल’ हा शिक्का वनखात्याच्या नकाशावर मारणं ठीक, पण वहीत प्रत्येक झाडाचं पान वेगळं हवं.

सागाच्या पानाची आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. पावसाळा सरताना एक बारीक अळी पानाच्या शिरा सोडून मधला सगळा गर खाऊन टाकते. ऑक्टोबरात असं पान उजेडासमोर धरलं तर हातात नुसती तपकिरी जाळी राहते, मोठ्या शिरांमधून फुटलेल्या लहान शिरा, त्यांतून आणखी लहान, आणि मधून पलीकडचं आभाळ. अशा वर्षी झाडाला आपल्या पानातलं काढून घ्यायला सवडच मिळत नाही. ते आधीच अळीच्या पोटात गेलेलं असतं. म्हणून वहीत ‘पान गळालं’ एवढं लिहून भागत नाही. सगळं गळालं की जाळी गळाली, हेही लिहायचं.

आणि मग या जंगलाचा सर्वांत धीट डाव. एप्रिलचं ऊन चटके देत असतं, विहिरी खाली गेलेल्या असतात, पाऊस यायला दोन महिने असतात, आणि झाडं पालवी फोडतात. खोडात साठवलेल्या आणि खोल मुळांनी आणलेल्या पाण्याच्या भरवशावर, वाढत्या दिनमानाच्या इशाऱ्यावर. पहिल्या पावसाचा थेंब पडेल तेव्हा पान तयार हवं, एक दिवसही वाया जाता कामा नये. गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची कोवळी पालवी आणि मोहोर खातो ते याच हिशोबावर. कडुनिंब फाल्गुनात झडला नसता तर चैत्रात कोवळं पान मिळालं नसतं. पंचांगात ही नोंद कुणी स्वतंत्र लिहिली नाही, पण गुढीला बांधून ठेवली.

पान आधी, बी नंतर, हा इथला क्रम. पौष ते फाल्गुन पानं पडतात. सालई, पळस, सावर, अंजन यांच्या बिया चैत्र ते ज्येष्ठ. बीचच्या बीवर पान येऊन पडतं, इथं पडलेल्या पानांवर बी येऊन पडतं. कोरड्या, कुरकुरीत, वीतभर पाचोळ्याच्या वर, मेच्या उन्हात, उघड्यावर. मातीला टेकायचं तर आधी पाचोळ्यातून वाट काढावी लागते. आणि या दोहोंच्या मधल्या महिन्यांत वणवे लागतात. मोहाची फुलं वेचायला जमीन साफ दिसावी म्हणून कुणी पाला पेटवतो, विझवायचं राहतं आणि आग उतारावर धावते. सगळ्या बियांच्या स्वभावाची गुरुकिल्ली या दोन-तीन महिन्यांच्या अंतरात आहे, असं माझं मत.

काही झाडांनी या अंतराला घाईनं उत्तर दिलं. कडुनिंबाच्या निंबोळ्या आणि मोहाची फळं पाऊस दाराशी आला की पिकतात, आणि त्यांच्या बिया काही आठवड्यांपलीकडं जिवंत राहत नाहीत. पूर्वेकडं मंडला-बालाघाटच्या बाजूला सालाचं बी तर आठ-दहा दिवसांचंच धनी. पाऊस लांबला की त्या वर्षीचं सगळं बी गेलं. नर्सरीवाल्याला विचारा, कडुनिंबाचं बी गेल्या वर्षीचं आहे म्हटलं तर तो हातात घेत नाही.

साग दुसऱ्या टोकाला. तो फुलतो भर पावसाळ्यात, अंगावर पूर्ण पान असताना. लाखो बारीक पांढरी फुलं, त्यांतली फार थोडी फळं धरतात. फळ कागदासारख्या फुगीर पिशवीत, आत मखमली साल, त्याच्या आत दगडासारखी आठळी, आणि आठळीत चार कप्पे. चारांत मिळून एखादं-दुसरं बी सापडलं तर नशीब. कित्येक आठळ्या पोकळच. हे फळ जमिनीवर पडून राहतं, भिजतं, तापतं, पुन्हा भिजतं, आणि बऱ्याचदा दुसऱ्या पावसाळ्यात उगवतं. रोपवाटिकेत रात्री भिजवून दिवसा उन्हात पसरायचं, असं आठवडा-दोन आठवडे चालतं. जंगलात जे ऊन-पाऊस वर्षभर करतात त्याची ही घाईची आवृत्ती. घाई करणारे एका पावसावर सगळं लावतात. साग दोन-तीन पावसांवर थोडंथोडं लावून ठेवतो.

तिसरा मार्ग अंजनाचा, आणि वहीची सर्वांत जास्त पानं मी त्याला दिली आहेत. इंदूरच्या आसपास अंजन फारसा नाही. घाट उतरून निमाडात, खंडवा-खरगोनच्या उथळ खडकाळ जमिनींवर तो आपल्या राज्यात आहे, आणि तापी ओलांडून खानदेशातही. त्याचं पान म्हणजे जोडीनं बसलेल्या दोन पर्णिका, आपट्याच्या पानासारख्या पण मधोमध पूर्ण सुटलेल्या. लाकूड देशातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. साल सोलून दोर वळतात, डहाळ्या गुरांना घालतात, आणि गुरांना त्या इतक्या आवडतात की वस्तीजवळचे अंजन नुसते छाटून छाटून खुंट झालेले दिसतात. फुलतो पावसाळ्याच्या शेवटाला, बारीक फिकट फुलं, कुणाच्या लक्षातही येत नाहीत. शेंग पिकते एप्रिल-मेमध्ये : चपटी, पातळ, पंखासारखी, टोकाला एकच बी. उन्हाळ्याच्या वावटळीत ती गिरक्या घेत दूर जाऊन पडते.

आर. एस. ट्रूप या वनाधिकाऱ्यानं 1921 मध्ये भारतातल्या वृक्षांवर तीन खंडांचा ग्रंथ काढला, वनखात्यातले लोक अजून त्याच्यावरच विसंबतात. अंजनाला भरघोस बी दर वर्षी येत नाही, काही वर्षांच्या अंतरानं येतं, ही गोष्ट तेव्हापासून नोंदलेली आहे. सर्वसाधारणपणे तीन ते पाच वर्षं असं अंतर सांगितलं जातं. म्हणजे बीचचा स्वभाव आपल्याकडं शोधायचा तर तो नर्मदेच्या दक्षिणेला, अंजनाच्या रानात सापडतो. चांगल्या वर्षी झाड शेंगांनी वाळक्या पानांचं असावं तसं तपकिरी दिसतं. पहिल्या पावसानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत झाडाखाली रोपांचा गालिचा उगवतो. पावसाळा संपेपर्यंत रोप वर दिसतं बोटभर आणि खाली मूळ गेलेलं असतं त्याच्या कितीतरी पट. पहिला उन्हाळा तगणं हीच त्याची परीक्षा, आणि गुरं, आग, कोरड या तिन्हींतून थोडीच उत्तीर्ण होतात. वन राखायचं तर चांगल्या बीच्या वर्षानंतरची दोन-तीन वर्षं गुरं आणि आग बाहेर ठेवली पाहिजेत. बाकीच्या वर्षी तेवढा कडक पहारा ठेवला नाही तरी चालेल. पण चांगलं वर्ष कोणतं हे कुणी लिहून ठेवलं असेल तरच हे शक्य. दर वर्षी सारखीच खबरदारी घेण्याच्या नियमात सगळी मेहनत सपाट पसरते आणि नेमक्या वर्षी अपुरी पडते.

आता इंदूरमधल्या कृष्णपुऱ्याचं. ही वही इथून निघते आहे, आणि या गावाचा पाल्यापाचोळ्याशी असलेला संबंध इंदुरी माणसंही विसरली आहेत. राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, कान्ह नदीच्या काठी, कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकरांच्या छत्र्या आहेत. पर्यटक दगडी कोरीव काम बघतात. शहराच्या या जुन्या भागात कुठल्याही पुरातन भिंतीकडं जरा वर पाहावं, दगडांच्या सांध्यांतून पिंपळ डोकावत असतो. पाखरानं पिंपळाचं फळ खाल्लं, भिंतीवर बसलं, बी टाकून गेलं. वर्षातून एकदा माणूस शिडी लावून ते रोप उपटतो, पुढच्या वर्षी ते पुन्हा असतं. बीजप्रसाराचा एवढा चांगला धडा शाळेच्या पुस्तकात नाही.

1918 साली पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल लिहिला. नगररचनाकार म्हणून ते जगभर ओळखले जातात, पण पेशानं ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, स्कॉटलंडमधल्या डंडीला. नद्या, काठ, बागा यांच्यावर त्यांनी त्या अहवालात भरभरून लिहिलं. माणसाचं सगळं जगणं शेवटी हिरव्या पानावर उभं आहे, हा त्यांचा आवडता सिद्धांत. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1924 मध्ये, आल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड हे दांपत्य बिहारमधल्या पुशाहून इथं आलं आणि इन्स्टिट्यूट ऑफ प्लान्ट इंडस्ट्री सुरू झाली. दरबारानं तीनशे एकर जमीन भाड्यानं दिली. आज तिथं कृषी महाविद्यालय आहे. कापसाच्या संशोधनासाठी काढलेली ही संस्था जगाला ठाऊक झाली ती मात्र खतामुळं. हॉवर्ड यांचं म्हणणं असं की जंगलाला कुणी खत घालत नाही, तरी त्याची जमीन खंगत नाही, कारण पडलेलं पान आणि जनावरांचं शेण-मूत तिथंच कुजून मातीत जातं. शेतानं हीच नक्कल करावी.

ही नक्कल प्रत्यक्षात उतरवताना त्यांच्या जोडीला होते यशवंत वाड. दोघांच्या नावावर 1931 मध्ये ऑक्सफर्डनं काढलेलं, शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून खतमाती करण्याचं पुस्तक आहे. ‘इंदूर पद्धत’ या नावानं ती रीत पुढं पार आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत गेली. पाला, तण, उसाचं पाचट, शेण, गोठ्यातली मुताची माती, थोडी राख. थर द्यायचे, ओल राखायची, तीनदा उलथायचं, आणि साधारण तीन महिन्यांत काळी भुसभुशीत माती हाती. कापसाच्या पऱ्हाट्या काही केल्या कुजत नसत. त्यांनी त्या फार्मवरच्या रस्त्यांवर अंथरून ठेवल्या, येता-जाता बैलगाड्यांची चाकं त्यांचा भुगा करत. ही युक्ती मला त्या साऱ्या पुस्तकापेक्षा जास्त आवडते. 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेले गांधीजी ही खताची व्यवस्था बघायला मुद्दाम संस्थेत गेले होते. हॉवर्ड यांचं नाव सेंद्रिय शेतीच्या इतिहासात पहिल्या पानावर असतं. वाडांचं नाव बरेचदा तळटीपेतही नसतं.

आणि आज? स्वच्छतेत 2017 पासून आपलं शहर देशात पहिलं आलं, एकदा नव्हे, ओळीनं. अभिमान वाटतो, का वाटू नये. पण त्या शिस्तीत पानही कचरा झालं आहे. फाल्गुनात पिंपळाखाली पडलेला पाला उजाडायच्या आत झाडून, भरून, गाडीत गेलेला असतो. देवगुराडियाला 2022 पासून ओल्या कचऱ्यातून गॅस बनतो, हे उत्तमच. मात्र झाडाखालची माती दर वर्षी थोडी थोडी उघडी आणि घट्ट होत जाते, आणि निंबोळी पडली तर फरशीवर पडते. शहराला पानगळीचं वजन ठाऊक आहे, टनांत. पण ते पान कुठल्या झाडाचं आणि कुठल्या आठवड्यातलं, हे त्या वजनात उरत नाही. रस्ते झाडू नयेत असं मी म्हणणार नाही. बगीच्यात, शाळेच्या आवारात, मंदिराच्या मागं पाला आपल्या झाडाखाली राहू द्यावा, एवढंच.

वही कशी भरायची ते आता सांगतो. झाड एकदा निवडलं की बदलायचं नाही. फांदी वाळली, शेजाऱ्यानं छाटली, तरी तेच झाड. आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी, खालून वर बघायचं आणि अंदाजानं लिहायचं : पान सगळं आहे, निम्मं आहे, नाही, नवं आलं. फळाचं तसंच : कच्चं, पिकलं, पडायला लागलं, संपलं. देशभरात ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम याच रीतीनं दर आठवड्याच्या नोंदी गोळा करतो. ज्यांना फोनवर सोपं वाटेल त्यांनी तिथंही द्याव्यात.

ज्यांचं शेत आहे किंवा ज्यांना आवार मोकळं आहे त्यांनी पाचोळ्याची जाळी जरूर लावावी. मीटर लांब, मीटर रुंद लाकडी चौकट, तिला जुन्या मच्छरदाणीचं कापड सैल बांधायचं, आणि जमिनीपासून मांडीएवढं वर टांगायचं, म्हणजे वाळवी लागत नाही आणि शेळी तोंड घालत नाही. महिन्याला एकदा रिकामी करायची. बीच्या दिवसांत पंधरा दिवसांनी. पानं, काड्या, फुलं, फळं, बिया वेगळ्या काढायच्या, उन्हात कडकडीत वाळवून वजन करायचं. शास्त्रज्ञ ओव्हन वापरतात; आपल्या मेमध्ये गच्ची पुरते. एकाच झाडाखाली तीन-चार चौकटी असाव्यात, नाही तर वारा ज्या बाजूचा तेवढंच सत्य वहीत येतं.

बियांचा रकाना भरताना तीन आकडे लिहायचे : वेचलेल्या किती, फोडून पाहिल्यावर भरलेल्या किती, किडलेल्या किती. सागाची आठळी हातोडीनं फोडावी लागते, बोट सांभाळून. धावड्याच्या बिया बारीक आणि बहुतेक पोकळ निघतील, निराश होऊ नये, ते झाडच तसं आहे. ज्या वर्षी झाडाला बी आलंच नाही त्या वर्षी रकाना रिकामा सोडू नये. तिथं शून्य लिहावं. रिकामा रकाना म्हणजे कुणी गेलंच नाही. शून्य म्हणजे गेलो, पाहिलं, नव्हतं. अंजनाच्या पानावर अशी दोन-तीन शून्यं एकाखाली एक येतील. तिथं कंटाळून झाड बदलण्याचा मोह होतो, तो टाळावा.

वहीत दहा वर्षांची पानं बांधली आहेत. शेवटची चार कोरी ठेवली आहेत, छाटणी, वणवा, टोळधाड, अवकाळी पाऊस अशा गोष्टींसाठी. पेन्सिलीनं लिहिलेलं पुसतं आणि शाईनं लिहिलेलं पावसात पसरतं, बॉलपेन वापरावं.

कृष्णपुरा, इंदूर
माघ